आठ सशांचे साहेब

साहेबांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि बसायला एकही नव्हती. चार खुर्च्या पाहुण्यांच्या, एक त्यांची स्वतःची. पाचही खुर्च्यांवर बाटल्या, बरण्या आणि लाखेचं सील लावलेली खाकी पाकिटं मांडलेली. मी रुजू व्हायला गेले त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवरची तुपाची बरणी उचलून खाली ठेवायला लागले, तर टेबलापलीकडे उभ्यानेच काहीतरी लिहीत असलेला एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस मान वर न करता म्हणाला, "ओ बाई, त्यांना उठवू नका. ते तुमच्या आधी आलेले आहेत."

ही माझी साहेबांशी पहिली भेट. मी ऑर्डर हातात धरून अर्धा तास उभी होते. मनात म्हटलं, नागपूरकडचा दिसतोय आणि डोक्याने जरा सुटलेलाही दिसतोय. त्यातलं पहिलं खरं होतं.

लॅब सरकारी होती, चंडीगडमधली. आजूबाजूच्या मुलखातून अन्नाचे आणि औषधांचे नमुने तिथे यायचे. इन्स्पेक्टर लोक दुकानांतून दूध, हळद, गूळ, गोळ्या, सिरप उचलायचे, सील करायचे आणि आमच्याकडे आणून टाकायचे. त्यांचं काम संपलं. आमचं मात्र सुरूच व्हायचं नाही, कारण एका तपासणीचं रसायन आलेलं नसायचं, दुसरीचं यंत्र बंद, तिसरीचा माणूस निवृत्त होऊन जागा रिकामी. असे अडलेले नमुने कपाटात ठेवायची जगाची रीत आहे. साहेब ते खुर्च्यांवर ठेवायचे, प्रत्येकाच्या गळ्यात आल्याच्या तारखेची चिठ्ठी बांधून. मंत्र्याचा माणूस येवो, कंपनीचा एजंट येवो, सगळे उभे. कोणी वैतागून विचारलंच, "बैठें कहाँ जी?" की साहेब बाटल्यांकडे बोट दाखवायचे. "इनका नंबर लग जाए, फिर आपका."

मी तिथे पोचले ती नवऱ्याच्या मागे. आम्ही साताऱ्याकडचे, तो एअर फोर्समध्ये. क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवरची खोली भाड्याने घेतली होती. तिला तिकडे बरसाती म्हणतात, आणि उन्हाळ्यात त्या नावासारखं थट्टेचं दुसरं काही नाही. केमिस्ट्रीची बी.एस्सी. असून दिवसभर भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा मी लॅब असिस्टंटची हंगामी नोकरी धरली. सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. दिवस दहशतवादाचे होते. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे जवान, बसमध्ये चढताना जेवणाचा डबा उघडून दाखवायचा, आणि कर्फ्यू कधी लागेल याचा नेम नाही. सासरहून दर आठवड्याला पत्र यायचं, आता पुरे, परत या. मी परत गेले नाही याचं अर्धं श्रेय नवऱ्याला आणि अर्धं साहेबांना. बरसातीच्या मागच्याच गल्लीत त्यांचं सरकारी क्वार्टर होतं.

साहेबांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला भोक असायचं. खिशात एक इवलीशी ड्रॉपरची बाटली, तीत पातळ केलेलं ॲसिड. बुचाशी थोडं थोडं झिरपायचं आणि शर्ट खायचं. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो, भोकाला ठिगळ लावायच्या आणि ॲसिड ठिगळही खायचं. हे ॲसिड कशासाठी, ते मला मराठी मंडळाच्या गणपतीत कळलं. आरती झाली, मोतीचुराच्या लाडवांचं ताट फिरायला लागलं. साहेबांनी एक लाडू घेतला, खिशातून बाटली काढली आणि गणपतीसमोर उभं राहून लाडवावर एक थेंब टाकला. पिवळाजर्द लाडू तिथल्या तिथे गुलाबी झाला. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त कर्नल होते, ते लाल झाले.

"अहो, देवासमोर ॲसिड?"

"देवाला चालून जाईल तो रंग," साहेब शांतपणे म्हणाले. "पोरांना नाही चालणार. ते ताट माघारी घ्या."

ताट माघारी गेलं. प्रसाद म्हणून सगळ्यांना साखर वाटली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या हलवायाकडे इन्स्पेक्टर धाडला आणि नमुना आणवला. पण आमच्याकडे रंग ओळखायचे खास कागद संपलेले होते. तेव्हा तो लाडवांचा पुडा येऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. जो माणूस एका थेंबात देवासमोर खरं बोलला होता, त्याला कोर्टात तेच बोलायला कागद नव्हता. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

पण साहेबांचा खरा जीव होता सशांमध्ये. शिरेतून द्यायच्या सलाईनमध्ये नुसते जिवंत जंतू नसून भागत नाही. मेलेल्या जंतूंचा अंश जरी त्यात राहिला, तरी पेशंटला हुडहुडी भरून ताप चढतो, आणि अशक्त माणूस त्यात जातोही. त्या काळी हे ओळखायचा एकच मार्ग होता. ते सलाईन तीन सशांच्या कानाच्या शिरेत द्यायचं आणि तीन तास त्यांचा ताप मोजत बसायचं. ताप नाही चढला, तर माल पास. जरा चढला, की शंका. मग आणखी पाच ससे घ्यायचे आणि आठांचं मिळून काय ते ठरवायचं. साहेब म्हणायचे, "शंका घ्यायला तीन ससे पुरतात. निकाल द्यायला आठ लागतात."

ससा हा मोठा भित्रा जीव. दार आपटलं तरी त्याचा ताप वाढतो, मग मोजलेलं सगळं वाया. म्हणून तपासणीच्या दिवशी साहेब चपला बाहेर काढून यायचे आणि सशांपुढे अगदी खालच्या आवाजात पाढे म्हणायचे. शाळेतले पाढे, तालासुरात. बाराचा, पंधराचा, मग पावकी, निमकी. एकोणतीसच्या पाढ्याला ससे डोळे मिटायचे, असं त्यांचं म्हणणं. पंजाबी मंडळींना वाटायचं की हा कुठलातरी दक्षिणी मंत्र आहे. आमची टायपिस्ट तर पदर डोक्यावर घेऊन दाराशी उभी राहायची. मी तिला खरं काय ते कधी सांगितलं नाही.

मी लागले त्या हिवाळ्यात सलग तीन दिवस कर्फ्यू लागला. सशांना सांभाळणाऱ्या माणसाची जागा दोन वर्षं रिकामी होती, त्यामुळे लॅबच्या आवारात कोणी राहत नव्हतं. चौथ्या दिवशी आम्ही पिंजरे उघडले, तेव्हा अकरापैकी सहा ससे मेलेले होते, पाण्यावाचून. साहेबांनी एकेकाला हातात घेऊन मागच्या लिंबाखाली पुरलं. त्या दिवशी त्यांनी पाढे म्हटले नाहीत. संध्याकाळी त्यांनी उभ्याउभ्या मागणीपत्र लिहिलं. ससे, त्यांचा चारा, सांभाळणारा माणूस, संपलेली रसायनं, बंद पडलेली यंत्रं. वर लिहिलं, तातडीचे.

आणि चक्क उत्तर आलं. अर्थखात्याचे एक अधिकारी स्वतः पाहणीला येणार होते.

आता इथे मी जे केलं ते सांगायला अजूनही जिवावर येतं. पाहणीच्या आदल्या दिवशी साहेबांना कोर्टात साक्षीला जायचं होतं. ते परस्पर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये येणार होते. माझ्या अंगात आमच्या घरचं वळण आलं. पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरायचं, हे काय कोणी शिकवावं लागतं? मी खुर्च्यांवरच्या बाटल्या कपाटात लावल्या. खुर्च्या पुसल्या. फरशी सोड्याने घासून घेतली. बंद यंत्रांवर इस्त्रीच्या चादरी घातल्या. पिंजरे ओकेबोके दिसत होते, म्हणून शेजारच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून दिवसभरासाठी दहा ससे मागून आणले. वर कांदेपोहे. फक्त साहेबांच्या स्वतःच्या खुर्चीवरची खोकल्याच्या औषधाची छोटी लाल बाटली तेवढी राहिली, कारण तिला हात लावायचा मला धीर झाला नाही.

अधिकारी सफारी सूटमध्ये आले, स्वच्छ खुर्चीवर बसले, दोनदा पोहे मागून घेतले. सशांना टिचक्या वाजवून बोलावलं. साहेब धावतपळत पोचले तेव्हा ते निघायच्या बेतात होते. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली, कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोवर अधिकारी गाडीत जाऊन बसले. महिन्याभराने मागणीपत्र परत आलं. साहेबांनी ते माझ्या हातात दिलं. "वाचा मोठ्याने."

मी वाचलं. "मौजूदा व्यवस्था संतोषजनक पाई गई."

पुढचं मला वाचवेना. मला वाटलं, आता माझी ऑर्डर फाडतील. साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"सातारकर बाई, तुम्ही घर आवरलं. चूक नाही तुमची, आपल्याकडे पोरींना हेच शिकवतात. पण तो पाहुणा मुलगी पाहायला नव्हता आला. तो आजारी माणूस पाहायला आला होता. आजाऱ्याला पावडर लावून काहून बसवलं बाप्पा तुम्ही?"

मी रडले. रडून झाल्यावर कपाट उघडलं आणि एकेक बाटली तारखेप्रमाणे पुन्हा खुर्च्यांवर बसवली.

त्यानंतर साहेब सशांना घरी नेऊ लागले. सगळे नव्हे. लॅबमध्ये पाच ठेवले आणि पदरचे पैसे घालून मोहालीपलीकडच्या एका गावातून चार नवे आणले, ते स्वतःच्या परसात. कर्फ्यू लागला तर निदान हे चार जगतील, हा हिशेब. नुसते पाळले नाहीत. रोज वजन, रोज ताप, रोज तासभर लाकडी पेटीत मान अडकवून शांत बसायची सवय. नवा ससा सवय लावल्याशिवाय तपासणीत चालत नाही. शेजारचे सरदारजी कुंपणावरून बघायचे आणि काकूंना म्हणायचे, "भाभीजी, साहब दा दिमाग ठीक है ना?"

काकू वऱ्हाडातल्या. लसूण सोलता सोलता एकदा मला म्हणाल्या, "काय सांगू वं पोरी. माह्या घरात सशाले थर्मामीटर. मले ताप आला तं हात लावून पाहाते अन् म्हणते, काही नाही, उन्हाचं हाय."

मी हसले. मग धीर करून विचारलं, साहेब ऑफिसात बसत का नाहीत? ती लाल बाटली कसली?

काकूंनी हातातला लसूण खाली ठेवला. "थे एका खेड्यातून आली व्हती. खोकल्याचं औषध. दोन लेकरं गेली, तीन-चार वर्साची. औषधानं गेली का तापानं, थे यायनं सांगाचं व्हतं. तपासाले जे लागते थे मागवलं, तं मंजुरी याले वरीस लागलं. तोवर औषध नासलं, कंपनी बंद झाली. त्या लेकरायचा बाप दर महिन्याले येऊन बसे त्या खुर्चीसमोर. साहेब, झालं का? मग थो बाप बी याचा बंद झाला. तवापासून हे बसत नाही."

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

सलाईनचं प्रकरण पुढल्या वर्षीचं. एका हॉस्पिटलात एकाच बॅचचं सलाईन लावलेल्या चार पेशंटांना हुडहुडी भरली. तिथल्या डॉक्टरीणबाई सरदारीण होत्या, धिप्पाड आणि स्पष्ट. त्यांनी ती बॅच स्टोअरमध्ये कुलूपबंद केली आणि इन्स्पेक्टरमार्फत नमुना आमच्याकडे पाठवला. आम्ही लॅबमधले तीन ससे घेतले. दोघांना काही नाही. तिसऱ्याचा ताप चढला, फार नाही, पण पास म्हणता येणार नाही इतका. म्हणजे आणखी पाच ससे हवेत. लॅबमध्ये उरले होते दोन.

त्याच संध्याकाळी बसस्टँडकडे स्फोट झाला. खिडक्यांची तावदानं आमच्यापर्यंत हलली. सकाळी शहराला कर्फ्यू होता, हॉस्पिटलं जखमींनी भरलेली होती, आणि डॉक्टरीणबाईंकडे त्या कुलूपबंद बॅचशिवाय जेमतेम दिवसभराचं सलाईन उरलं होतं. मी बाजूच्याच गल्लीत, म्हणून साहेबांनी बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा त्यांच्या घरी आमच्या डायरेक्टरांचा फोन चालू होता. आवाज इतका मोठा की मला दारात ऐकू येत होता.

"एक ही खरगोश तो गरम हुआ ना? लोग मर रहे हैं. पास लिख दो."

"माल खराब निकला, तो और मरेंगे, सर."

"तो फेल लिख दो!"

"अच्छा निकला, तो भी मरेंगे."

"फिर लिखोगे क्या?"

"दो बजे तक बताता हूँ," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "लॅबमध्ये दोन. इथे चार, पण त्यातली एक गाभण. म्हणजे तीन. पाच झाले. चला."

स्कूटरवर ससे हादरले असते, म्हणून पायी जायचं ठरलं. टोपल्या तीन आणि माणसं दोन. काकू आतून पदर खोचून आल्या. "रातीपासून उपाशी ठेवले माहे लेकरं यायनं," म्हणत एक टोपली त्यांनी कमरेवर घेतली आणि वर स्वतःचं जुनं मऊ लुगडं पांघरलं. चंडीगडचे ते रुंद, सरळ रस्ते, दोन्हीकडे झाडं आणि माणूस नाही. साहेब पुढे, तोंडाने सतराचा पाढा. 

पहिल्याच चौकात पोत्यांमागून बंदूक वर आली. "रुको! टोकरी नीचे! हाथ ऊपर!"

साहेबांनी टोपली अलगद खाली ठेवली, हात वर केले आणि कुजबुजले, "हाथ ऊपर हैं, भाई. बस आवाज़ नीचे रखो. इनका बुखार बढ़ जाएगा."

"किनका?"

काकूंनी लुगड्याचं टोक उचललं. जवान पुढे वाकला. पोऱ्या राजस्थानकडचा असावा, मिसरूड नुकतं फुटलेलं. बराच वेळ तो त्या पांढऱ्या कानांकडे बघत राहिला. मग त्याने खरोखरच आवाज खाली आणून विचारलं, "पकाने के लिए?"

"नहीं रे," साहेब म्हणाले. "कल के घायलों की बोतलें जाँचनी हैं. इनसे पूछकर ही लगेंगी."

त्याला किती कळलं कोण जाणे. पण तो बंदूक खांद्याला अडकवून आमच्या पुढे चालायला लागला. पुढच्या चौकातला दुसरा जवान ओरडायच्या आतच त्याने ओठांवर बोट ठेवलं. लॅबपर्यंत चार चौक लागले आणि चारही चौकांत सशस्त्र माणसं आमच्यासाठी कुजबुजत होती. तो सगळा भयाचा काळ मला आठवतो, तेव्हा मला आधी हे आठवतं.

लॅबमध्ये पाचही ससे पेट्यांत बसवले. सवयीचे होते, निवांत बसले. साहेबांनी चपला काढल्या. सलाईन कोमट करून कानाच्या शिरेत दिलं आणि मग दर अर्ध्या तासाने मी ताप बघायचा, त्यांनी लिहायचा. काकू स्टुलावर बसून होत्या. बाहेरून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की तिघंही दचकायचो आणि सशांकडे बघायचो. फोन दोनदा वाजला, तिसऱ्यांदा काकूंनी त्यावर उशी ठेवली. साहेबांचा एकोणतीसचा पाढा किती वेळा झाला ते मला मोजता आलं नाही.

दोनला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी आठांची बेरीज केली. पुन्हा केली. मग माझ्याकडून करून घेतली.

माल चांगला होता.

कालचा तो एक ससा मुळातच काहीतरी बिनसलेला असावा. उरलेल्यांचा ताप जागचा हलला नव्हता. साहेबांनी पहिला फोन डॉक्टरीणबाईंना केला. "ताला खोल दो जी. बेफिकर लगाओ." दुसरा डायरेक्टरांना. तिकडून आवाज आला, "मैंने तो सुबह ही कहा था, पास है!"

"आपने कहा था, सर. मैंने देखा है."

मला त्या वेळी डायरेक्टरांचा राग आला होता, आणि थोडा साहेबांचाही. एवढा आटापिटा करून शेवटी पासच? संध्याकाळी मी हे बोलून दाखवलं. साहेब सशांना गाजर भरवत होते. म्हणाले, "बाई, आपलं खातं वाईटाला वाईट म्हणायला आहे, असं सगळ्यांना वाटते. चांगल्याला चांगलं म्हणायलाही तेवढेच ससे लागतात. नाही तं त्या डॉक्टरणीने आज थरथरत्या हाताने बाटली लावली असती."

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक केलं. बाटली स्वच्छ आहे हे पक्कं कळल्यावर त्या हुडहुडीचं कारण दुसरीकडे शोधू लागल्या, आणि चार दिवसांत त्यांना ते सापडलं. सलाईनच्या रबरी नळ्या पुन्हा वापरण्याआधी टाकीतल्या शेवाळलेल्या पाण्यात उकळल्या जात होत्या, म्हणजे जंतू मरत आणि त्यांचा अंश नळीतच राहत होता. त्या स्वतः हे सांगायला लॅबमध्ये आल्या. उभ्या राहिल्या, अर्थात. बाटल्यांच्या गळ्यातल्या तारखा एकेक करून वाचल्या आणि परत जाऊन त्यांनी वरपर्यंत असं एक पत्र लिहिलं की तेच सफारी सूटवाले अधिकारी पुन्हा पाहणीला आले.

या वेळी मी काहीही आवरलं नाही. पिंजरे अर्धे रिकामे, यंत्रांवरची धूळ जागच्या जागी, खुर्च्यांवर पाहुणे. अधिकारी दारात थबकले. "पिछली बार तो सब ठीक था?"

साहेब पुढे सरसावले. "मेरी लॅब है, सर, मेरी गलती..." पण मी मध्ये पडले. माझी सहा महिन्यांची ऑर्डर त्याच आठवड्यात संपत होती आणि ती पुढे चालवायची की नाही, हे याच माणसाच्या खात्यात ठरणार होतं.  तरी बोलले.

"गलती मेरी थी, सर. वो खरगोश मैं कॉलेज से माँगकर लाई थी. मशीनें बंद थीं, मैंने चादर डाल दी थी. ये सब बोतलें अलमारी में छुपाई थीं. आपने जो देखा, वो मेरा झूठ था. आज जो है, वो सच है."

 अधिकाऱ्यांनी बसायला खुर्ची शोधली. मी म्हटलं, "सर, ये आपसे पहले आए हैं."

पुढचा दीड तास ते उभे होते. साहेबांनी त्यांना एकेका बाटलीची ओळख करून दिली, ही कुठून आली, कशासाठी अडली. मग एक ससा त्यांच्या हातात दिला आणि ताप कसा बघतात ते दाखवलं. ससा घाबरला आणि त्याने त्या सफारी सूटवर व्हायचं ते केलं. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. पण ते गृहस्थ कोट न झटकता म्हणाले, "आठ लगते हैं ना? और आपके पास हैं कितने?"

"सरकारी पाँच," साहेब म्हणाले. "तीन मेरी घरवाली के."

त्या वर्षी मंजुरी आली. सगळी नाही, पण ससे आले, चारा आला, सशांना सांभाळणारा माणूस आला, रसायनं वेळेवर यायला लागली, दोन यंत्रं दुरुस्त झाली. माझी ऑर्डरही आली, या वेळी वर्षाची. साहेबांच्या शर्टाला मात्र भोकं पडायची थांबली नाहीत.

आता म्हणे सशांची गरज उरलेली नाही, एका नळीत तासाभरात कळतं. छान झालं. पण ती नळीही कोणीतरी विकत घेऊन ठेवावी लागते, आणि ती बघायला शिकलेलं माणूस पगारावर ठेवावं लागतं. पेपरात कुठल्याशा औषधाने पोरं गेल्याची बातमी येते, चार दिवस सगळे इन्स्पेक्टरांच्या नावाने ओरडतात. मी घरात बसून एकच विचारते, अरे, ज्या दिवशी ती बाटली तपासायला आली त्या दिवशी त्या लॅबमध्ये ससे किती होते? मुलगा म्हणतो, आई, तू पुन्हा सुरू झालीस. झाले तर झाले.

खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. तुपाची बरणी गेली, हळदीची पाकिटं गेली, लाडवांचा पुडाही एकदाचा निकालात निघाला. आमची बदली झाली त्या महिन्यात चौथी खुर्चीही मोकळी झाली. निरोपाच्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले. काकूंनी थर्मासमध्ये चहा पाठवला होता. साहेबांनी रुमालाने एक खुर्ची पुसली, पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा, सातारकर बाई. आता तुमचा नंबर."

तीन वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले. बसल्यावर लक्षात आलं की ते टेबलापलीकडे अजून उभेच आहेत.

"आणि तुम्ही, साहेब?"

त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं. ती लाल बाटली तिथेच होती, गळ्यातली चिठ्ठी पिवळी पडलेली. आता रसायन होतं, यंत्र होतं, पण तिच्यात जे काही होतं ते केव्हाच विरून गेलं होतं. ती बाटली आता कोणालाच काही सांगू शकणार नव्हती.

"ती माझ्या आधी आलेली आहे," ते म्हणाले.

मग मीही उठले. चहा आम्ही दोघांनी उभ्यानेच घेतला.